ओढ्याला खत कुणी घातले?

शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, शेतीचीच पदवी घेतली आणि तीस वर्षे गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना खतापाण्याचे सल्ले दिले. त्यामुळे दुसऱ्याला चार गोष्टी सांगण्याची सवय अंगात मुरली आहे. पण मंडळी, खताच्या बाबतीत मला शहाणे केले ते दोन माणसांनी. एक पुण्यातला माळी आणि दुसरी माझी आई. दोघांनीही शेतकी कॉलेजची पायरी कधी चढलेली नाही.

२०२२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. लेकीकडे पुण्याला गेलो होतो. तिच्या वसाहतीत इमारतींच्या पुढे दहा-बारा गुंठ्यांची हिरवळ राखली आहे. त्या गवतावर जनावर चरत नाही, की कुणी ते कापून विकत नाही. नुसते बघायचे आणि सकाळी अनवाणी चालायचे. आपल्याकडे एवढ्या जागेत एका म्हशीची वैरण निघाली असती, असे मनात आले. वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून एक नाला वाहतो.

त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले होते. माळी घमेल्यातून युरिया मुठीमुठीने फेकत चालला होता. काही दाणे गवतात पडत होते, काही सिमेंटच्या वाटेवर. थोड्याच वेळात पावसाची मोठी सर आली. वाटेवरचे पांढरे दाणे बघता बघता विरघळले आणि ते पाणी गटारातून थेट मागच्या नाल्यात गेले. माझ्यातला कृषी अधिकारी जागा झाला.

"अहो मामा, पावसाच्या तोंडावर खत कुणी टाकतं का? सगळं नाल्यात गेलं की!"

माळी बीडकडचा. जिन्याखाली उभा राहून डोके पुसता पुसता त्याने विचारले, "साहेब कुठले?"

"कोल्हापूरकडचा."

"म्हणजे उसाच्या गावचे. दोन वर्षं तोडणीला आलो होतो मी तुमच्याकडं. आम्ही इथं मुठीनं टाकतो साहेब. तुमच्याकडं पोती पडतात. तुमचं कुठं जातं मग?"

बोलण्यात टोमणा नव्हता. साधा प्रश्न होता. पण मला चटकन उत्तर सुचले नाही. "उसाला लागतं तेवढं," असे काहीतरी बोलून मी वर निघून गेलो.

आमचा मळा शिरोळ तालुक्यात, एका ओढ्याच्या काठाला आहे. हा ओढा पंचगंगेला मिळतो आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला. मी नोकरीमुळे तालुक्याच्या गावी राहतो. मळ्यात थोरले बंधू, म्हणजे आमचे तात्या, वहिनी, पुतण्या, त्याची बायको आणि आई असतात. लहानपणी या ओढ्याच्या डोहात आम्ही पोहायला शिकलो. दगड उलटून खेकडे धरले. तळाची वाळू दिसायची इतके पाणी निवळ असे.

त्या साली दिवाळीनंतर मळ्यात गेलो. संध्याकाळची वेळ. आई ओढ्याच्या काठाला दगडावर बसली होती. डोहावर हिरवीगार साय धरली होती. कडेने केंदाळ इतके दाटले होते की पाणी दिसत नव्हते. म्हशीने पाण्यात तोंड घातले, फुरफुरली आणि मागे सरली. आई म्हणाली,

"ओढ्याला कुणी खत घातलंय जणू. बघ की कसं माजलंय."

आई सहज बोलली होती. मला मात्र तो माळी आठवला. शेतकी शास्त्राची जी गोष्ट मी कॉलेजात पाठ केली होती, ती आईने एका वाक्यात सांगितली होती. ओढ्याला खरोखरच खत घातले होते. आणि घालणारे दुसरे कुणी नव्हते. काठाचे आम्हीच.

रात्री जेवण झाल्यावर तात्यांना म्हटले, "यंदा लागणीला खत किती पडलं, सोसायटीच्या पावत्या काढा बघू." तात्यांनी कपाटातून पिशवी काढली. एकरी युरियाची नऊ पोती आणि डीएपीची तीन. पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. युरियात शेकडा ४६ नत्र. २०१८ पासून युरियाचे पोते ४५ किलोचे आहे, म्हणजे एका पोत्यात वीस किलोहून थोडे जास्त नत्र. नऊ पोत्यांचे झाले १८६ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात नऊ किलो नत्र, तीन पोत्यांचे २७. एकूण एकरी २१३ किलो.

आता शिफारस काय आहे? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश सांगितले आहे. म्हणजे एकरी शंभर किलो नत्र. आमच्याकडे को ८६०३२ ही जात आहे. ती खताला चांगली दाद देते म्हणून तिला पाव हिस्सा जास्त द्यायला सांगतात. म्हणजे १२५ किलो. आम्ही टाकले होते २१३. वरचे ८८ किलो नत्र म्हणजे चार पोत्यांपेक्षा जास्त युरिया. तो उसाने खाल्ला नव्हता, मग गेला कुठे?

त्याचे असे आहे. युरिया ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. हा अमोनियम मातीच्या कणाला धरून राहतो, दावणीला बांधलेल्या जनावरासारखा. पण मातीतले जिवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात. पिकाला ते लगेच घेता येते, मात्र माती त्याला धरून ठेवत नाही. ते दावे तुटलेल्या वासरासारखे असते. पाणी जिकडे जाईल तिकडे तेही जाते. सरी तुडुंब भरून पाणी दिले की मुळांच्या खाली उतरते आणि विहिरीत पाझरते. जोराचा पाऊस झाला की बांध ओलांडून ओढ्याला लागते. स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते मातीला चिकटून बसते, पण पावसाने मातीच वाहून गेली की तिच्याबरोबर तेही जाते. काही युरिया उन्हात उघडा राहिला तर अमोनियाचा वायू होऊन हवेतच उडतो.

ओढ्यात पोहोचलेले खत आपले काम तिथेही इमानाने करते. शेवाळ आणि केंदाळ फोफावते. ते मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. पंचगंगेच्या अवस्थेला आपण शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे पाणी यांना जबाबदार धरतो आणि ते बरोबरही आहे. त्यांचा वाटा मोठाच आहे. पण आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला ना शहर आहे, ना कारखाना. आहे तो सगळा ऊस.

हे सगळे तात्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तूच सांगितलं होतंस की रं! नोकरीला लागलास त्या साली आबांना म्हणालास, एक पोतं जादा पडलं तर ऊस काय तक्रार करत न्हाई."

मी गप्प बसलो. वाक्य माझेच होते. तेव्हा पंचविशीत होतो, एकरी टन वाढवायचे एवढेच डोळ्यांपुढे होते. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर शिफारशीचा तक्ता लावायचा आणि शेतकऱ्याने वर एखादे पोते टाकले की कानाडोळा करायचा, असे मी कितीदा केले असेल. ऊस तक्रार करत नाही हे खरे. पण तक्रार करणारा ओढा होता, आणि त्याच्याकडे मी कधी बघितले नव्हते.

तात्यांनी पुढे खरी गोष्ट सांगितली. "खत कमी केलं आणि टन घटलं, तर सोसायटीचं कर्ज कोण भरणार? तुझा पगार एक तारखेला होतो. माझा ऊस अठरा महिन्यांचं गणित घालून जातो." शेतकरी हट्टाने जास्त खत टाकतो असे आम्ही कचेरीत बसून म्हणतो. तसे नाही. तो भीतीने टाकतो. शिवाय सगळ्या खतांत युरिया स्वस्त, त्यामुळे भीतीवरचा उपायही स्वस्त.

त्या रात्री विषय तिथेच थांबला असता. पण डोक्यात विहीर घोळू लागली होती. मळ्यातली वस्ती गावापासून लांब असल्यामुळे घरची माणसे त्याच विहिरीचे पाणी पीत. विहीर ओढ्यापासून शंभर पावलांवर, चारी बाजूंनी ऊस. आणि पुतण्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलगी झालेली, तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन ती परत येणार होती.

डिसेंबरमध्ये विहिरीचे पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे मानक आहे. आमच्या विहिरीचा आकडा त्याच्या बराच वर निघाला.

मोठ्या माणसाला याने एकदम काही होत नाही. पण सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राईट होते. मग रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात, आणि वेळीच दवाखाना गाठला नाही तर जिवावर बेतते. वहिनी म्हणाल्या, "पाणी चांगलं उकळून देऊ की." आया-बहिणींनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि राहिलेल्या पाण्यात ते जास्त दाट होते. तुरटीने जात नाही, फडक्याने गाळूनही जात नाही. बाळाला सहा महिने अंगावरचेच दूध द्यावे हे सगळ्यांत उत्तम. वरचे दूध द्यायची वेळ आलीच तर पाणी तपासलेले असावे.

तात्यांनी तो कागद दोनदा वाचला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलला दोन कॅन बांधून गावातल्या नळाचे पाणी घेऊन आले. त्या पाण्याचीही तपासणी करून घेतली, ते चांगले निघाले. मग ओसरीवर बसून म्हणाले, "सांग, काय करायचं ते."

मी म्हटले, "एक एकर मधोमध वाटू. वीस गुंठे तुमच्या पद्धतीनं, वीस गुंठे माझ्या. माझ्याकडं जेवढं टन कमी भरेल, त्याचे पैसे मी देणार."

जानेवारी २०२३ मध्ये लागण केली. आधी मातीची तपासणी करून घेतली. स्फुरद भरपूर निघाले, पालाश कमी. वर्षानुवर्षे डीएपी पडत होता आणि पोटॅशला हात आखडत होता, त्याचा हा परिणाम. माझ्या वीस गुंठ्यांत एकरी हिशेबाने युरियाची नऊऐवजी पाच पोती, डीएपी तीनऐवजी दोन, आणि पोटॅश दोन पोती धरली. लागणीआधी ताग गाडला होता. बेण्याला जिवाणू खताची प्रक्रिया केली. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे युरिया चार हप्त्यांत दिला. दहावा हिस्सा लागणीला, चार हिस्से सहा ते आठ आठवड्यांनी, एक हिस्सा बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले चार मोठ्या भरणीला. प्रत्येक वेळी सरीत टाकून लगेच मातीआड केला. पाणी तुडुंब न देता हलके दिले.

पहिले तीन महिने तात्या रोज बांधावर उभे राहायचे आणि दोन्हीकडे बघायचे. त्यांचा ऊस काळाभोर हिरवा, माझा थोडा पोपटी. येणारा-जाणारा म्हणायचा, "साहेबांचा ऊस उपाशी दिसतोय." घरात थट्टा व्हायची. मलाही आतून धाकधूक होती, खोटे कशाला सांगू? शिकलेल्या माणसाची परीक्षा गावात फार उघड्यावर होते.

ऑगस्टमध्ये वारा-पाऊस झाला. जास्त नत्राचा ऊस रसरशीत, पण पोचट. तो आडवा झाला. लोळलेल्या उसात उंदीर शिरले. माझ्या बाजूचा उभा राहिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तोड आली. दोन्हीकडच्या काट्याच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या. तात्यांच्या वीस गुंठ्यांत २३ टन, माझ्यात साडेबावीस. ठरल्याप्रमाणे अर्ध्या टनाचे पैसे मी तात्यांपुढे ठेवले. तात्या हसले. म्हणाले, "ठेव खिशात. लोळलेल्या उसाला टोळीनं खुशाली किती मागितली, तुला ठाऊक न्हाई. ती धरली तर मीच तुला देणं लागतो."

युरियाच्या चार पोत्यांचे वाचतात साधारण अकराशे रुपये. ही बचत काही मोठी नव्हे, हे मी मान्य करतो. केवळ पैशासाठी युरिया कमी करा म्हटले तर कुणी करणार नाही. विहिरीसाठी करा म्हटले, तर घरातल्या बायका ऐकतात आणि पुरुषांना ऐकायला लावतात, असा माझा अनुभव आहे. आता आमचा सगळा ऊस माझ्या पद्धतीने होतो, आणि "माझी पद्धत" असे तात्याच आता चारचौघांत सांगतात!

आणखी काही गोष्टी आम्ही केल्या. ओढ्याकाठी पूर्वी पार पाण्याच्या कडेपर्यंत नांगर जायचा. आता बारा फुटांची पट्टी नांगरायची सोडली आणि तिथे वैरणीचे गवत लावले. वाहून येणारी माती गवतात अडते आणि म्हशींना वैरण मिळते. पाचट जाळायचे बंद केले, ते सरीत कुजवतो. विहिरीला लागून असलेला उकिरडा लांब हलवला, कारण नायट्रेट काही फक्त युरियातून येत नाही, शेणामुतातूनही झिरपते. खताचे घमेले आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुणे बंद. आणि आभाळ भरले असले की खताचे पोते फोडायचे नाही. "पावसानं खत चांगलं विरघळतं" ही आपल्याकडची जुनी समजूत. विरघळते हे खरे, पण विरघळून शेजारच्याच्या वावरात किंवा ओढ्यात जाते.

तुम्ही विचाराल, मग ओढा सुधारला का? खरे सांगतो. केंदाळ पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, पण गेलेले नाही. विहिरीचे पाणी दर वर्षी तपासतो. आकडा उतरतो आहे, पण अजून मर्यादेच्या आत आलेला नाही. जमिनीत वर्षानुवर्षे उतरलेले नायट्रेट एका पावसाने निघून जात नाही. आणि ओढा आमच्या एकट्याचा नाही. वरच्या अंगाला चाळीस खातेदार आहेत. त्यांच्यातल्या सात-आठ जणांनी आमची पावती बघून खत कमी केले आहे. बाकीच्यांच्या बांधावर मी जातो, बसतो, चहा घेतो. पूर्वी तक्ता घेऊन जायचो. आता विहिरीच्या पाण्याचा कागद घेऊन जातो.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे हजारो तळ्यांचे राज्य आहे. तळ्यांत शेवाळ माजू लागले म्हणून तिथल्या सरकारने २००५ पासून राज्यभर घरापुढच्या हिरवळीला स्फुरदयुक्त खत टाकण्यावर बंधन घातले. माती तपासून स्फुरद कमी निघाले, किंवा हिरवळ नव्याने लावायची असेल, तरच ते टाकता येते. पुण्याच्या त्या माळ्याला मी पुढच्या खेपेला भेटलो. गवत कापल्यावर त्याचा चुरा तिथेच राहू द्या, त्यातूनच बरेच नत्र परत मिळते. खत टाकलेच तर वाटेवरचे दाणे झाडून गवतात लोटा. आणि आभाळ बघून टाका, एवढे सांगितले. जाता जाता त्याच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तरही दिले. म्हटले, "मामा, आमचं खत ओढ्यात जात होतं. तुमच्यामुळं मोजलं." तो नुसता हसला.

आमची नात आता अडीच वर्षांची आहे. अंगणभर पळते. पाणी अजून गावच्या नळाचेच पिते. आई संध्याकाळी तिला कडेवर घेऊन ओढ्याला जाते. तिला त्या पाण्यात उतरायचे असते, आणि आई म्हणते, "थांब बाळा, अजून थोडं निवळू दे."

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. यंदा खताची पोती दारात उतरली की आधी ती मोजा. मातीचा कागद आणि शिफारशीचा तक्ता शेजारी ठेवा. जास्तीची पोती निघाली तर ती सोसायटीला परत करा. आणि जमले तर विहिरीचे पाणी एका बाटलीत भरून तपासायला द्या. घरात लहान बाळ असेल, किंवा येणार असेल, तर उद्याच द्या.